आधी काळीज, मग पाऊल

नोव्हेंबरच्या ९ तारखेला, दिवस मावळता मावळता, कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात माणसं श्वास रोखून उभी असतात. देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुड मंडप ओलांडतं, कासव चौकातून पितळी उंबऱ्याशी पोहोचतं, मग चांदीच्या उंबऱ्यावर चढतं आणि गाभाऱ्यात देवीच्या पायांना शिवतं. दुसऱ्या दिवशी ते छातीपर्यंत जातं, तिसऱ्या दिवशी सगळी मूर्ती उजळते. ३१ जानेवारीपासूनचे तीन दिवसही असेच. पायांपासून हृदयाकडे चढत जाणारा हा प्रकाश मी लहानपणापासून पाहत आले आहे, आणि दरवेळी अंगावर काटा येतो.

माझी आत्या शुक्रवार पेठेत राहते. किरणोत्सवाला ती चुकत नाही. दोन-दोन तास उभी राहते, तेही तक्रार न करता. पण आरती करून घरी आली, जेवण उरकलं, जरा टेकली की तिचं वेगळंच सुरू होतं. डावा पाय उजव्यावर घासते. उठते, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येते, पुन्हा बसते, पुन्हा उठते. "दुखतंय का गं?" असं विचारलं की म्हणते, "दुखत न्हाई बाळ. वळवळतंय. आत कायतरी वळवळतंय, हाडाच्या जवळ. चाललं की जातंय, बसलं की आलंच." भजनाला बसणं तिनं सोडून दिलंय. मुंबईला जायचं तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाते, एसटीनं नाही. कारण गाडीत निदान डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरता येतं. मिरजेपासून पुण्यापर्यंत तिनं चालतच प्रवास केला असेल, असं घरात सगळे हसून म्हणतात. मीही हसले आहे. आता त्याचं वाईट वाटतं.

मराठीत पायांच्या तक्रारींना किती नेमके शब्द आहेत! पायात गोळा येतो तेव्हा पोटरीचा स्नायू आखडून दगड होतो. बराच वेळ मांडी घालून बसलं की नस दबते आणि मुंग्या येतात. पाय भरून येतात ते श्रमानं. आत्याची वळवळ यांतली कुठलीच नव्हे. स्नायू मऊ असतो, कातडी ठीक असते, सूज नसते, वेदना बहुधा नसतेच. असते ती फक्त एक अनावर ओढ: हलव, पाय हलव, आत्ताच्या आत्ता. वैद्यकात याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात आणि त्याची ओळख जवळजवळ पूर्णपणे रोग्याच्या बोलण्यावरून होते. पाय हलवायची ओढ. ती विश्रांतीत वाढते. हालचालीनं निवते, निदान हालचाल चालू असेतो. आणि ती संध्याकाळी नि रात्री जोर धरते. ही चार लक्षणं जुळली आणि त्यांना दुसरं काही कारण नसलं, की निदान झालं. एक्स-रे नाही, स्कॅन नाही. आत्याच्या एका वाक्यात चारातली तीन लक्षणं होती. चौथं, म्हणजे दिवेलागणीची वेळ, मी इतकी वर्षं डोळ्यांनी पाहत होते.

बसल्या बसल्या गुडघा नाचवायची सवय हे प्रकरण वेगळं. "पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते" असं आपण पोरांना दटावतो, ती निव्वळ सवय असते. दटावलं की पाय थांबतो. इथे पाय थांबवला तर माणूस आतून पिळवटतो.

ही अवस्था आधुनिक जगण्याची देणगी आहे असं कुणाला वाटेल. तसं मुळीच नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या विसाव्या अध्यायात वाताच्या ८० विकारांची यादी आहे. ती यादी सुरू होते पावलांपासून. नखं, टाचा, पायांचा शूल, पायांचा बधिरपणा, पोटऱ्यांचे पेटके असं करत करत वर चढते, मांड्या, कंबर, छाती, डोकं असं सगळं शरीर पालथं घालते, आणि संपते कुठे? निद्रानाशावर आणि चित्ताच्या अस्थिरपणावर. त्या यादीत आत्याचाच आजार आहे असा दावा मी करणार नाही. पण पायांतून निघून झोपेच्या मोडतोडीपर्यंत जाणारी ती वाट वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ नुसती बसून राहिले.

युरोपात हे स्वच्छ शब्दांत पहिल्यांदा लिहिलं ते थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं, १६७२ साली, लॅटिनमध्ये. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं त्याला आजही त्याचं नाव आहे. अंथरुणात पडल्यावर हातपाय असे उसळू लागतात की जणू भयंकर छळाच्या जागी आणून टाकलं असावं, अशा आशयाचं त्यानं लिहिलं. अफूच्या अर्कानं अशा एका बाईला त्यानं झोप मिळवून दिली. त्यानंतर पावणेतीनशे वर्षं हा आजार बहुतेक वेळा नाजूक मनाच्या बायकांचं खूळ म्हणून बाजूला पडला. १९४५ साली स्वीडनचे मेंदूरोगतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी त्यावर पूर्ण ग्रंथ लिहिला आणि आजचं नाव दिलं. एकबोम यांचा मोठेपणा असा, की त्यांनी रोग्यांचं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आलं, की हा त्रास गरोदर बायकांत जास्त दिसतो, रक्त कमी असलेल्यांत जास्त दिसतो, आणि वारंवार रक्तदान करणाऱ्यांतही दिसतो. तिन्हींत सामाईक काय? लोह.

इथून खरी अद्भुत गोष्ट सुरू होते.

लोह म्हटलं की आपल्याला रक्ताचा लाल रंग आठवतो. पण लोहाचा एक छोटा वाटा मेंदूत काम करतो. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन तयार होतं. हालचालींवर ताबा ठेवण्याचं, त्यांना सुरळीत सोडण्याचं काम त्याच्याकडे असतं. हे डोपामीन घडवणाऱ्या विकराला हाताशी लोह लागतं, जसं चुन्याशिवाय विडा रंगत नाही तसं. आणि मेंदूला लोह सहजासहजी मिळत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक नाकं आहे. तिथून मोजून-मापून आत सोडतात. त्यामुळे असं होऊ शकतं की हिमोग्लोबिन ठणठणीत, चेहरा टवटवीत, आणि मेंदूच्या काही कोपऱ्यांत मात्र लोहाचा दुष्काळ. या रोग्यांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात लोहसाठ्याचं प्रथिन कमी सापडलं. २००३ साली अशा काही रोग्यांच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी प्रसिद्ध झाली. मेंदूत एक काळसर पट्टा असतो, जो पार्किन्सनच्या आजारात झिजून जातो. या रोग्यांत त्या पट्ट्यातल्या पेशी शाबूत होत्या, मेलेल्या नव्हत्या. फक्त लोहासाठी भुकेल्या होत्या. मला या एका वाक्यात केवढा दिलासा वाटतो! झिजलेलं परत येत नाही. भुकेलेल्याला भरवता येतं.

आणि रात्रच का? रक्तातल्या लोहाला आणि डोपामीनला दोघांनाही दिवसाचं चक्र आहे. सकाळी भरती, संध्याकाळनंतर ओहोटी. ज्याच्या घरात धान्याची कणगी भरलेली आहे त्याला संध्याकाळची तूट कळतही नाही. ज्याची कणगी तळाला गेली आहे त्याला ती रोज सूर्यास्ताला कळते. आत्याच्या पायांना घड्याळ कळतं, असं आम्ही म्हणायचो. ते शब्दशः खरं होतं. पहाटे मात्र तिला गाढ झोप लागते, आणि नेमक्या त्याच वेळी पाणी येतं, दूधवाला येतो, घर जागं होतं.

आपल्याकडचे घरगुती उपाय या दृष्टीनं पुन्हा पाहावेसे वाटतात. काशाच्या वाटीनं तळपायाला तेल किंवा तूप घासणं, गार पाण्यात पाय सोडणं, पोटरीला पंचा घट्ट बांधून झोपणं. तळपाय घासला की स्पर्शाचा, दाबाचा निरोप मज्जारज्जूकडे धावतो आणि त्या गर्दीत वळवळीचा निरोप मागे पडतो. त्यानं मूळ दुखणं जात नाही. पण ज्या आज्यांनी काशाची वाटी हातात घेतली त्यांना काय शांत करायचं आहे ते अचूक कळलं होतं.

आता हृदयाकडे वळते, कारण ज्या गोष्टीनं मला हे लिहायला बसवलं ती तिथे आहे.

वळवळ ही जागेपणीची. डोळा लागल्यावर आणखी एक प्रकार घडतो, जो झोपणाऱ्याला ठाऊकच नसतो, शेजारी झोपणाऱ्याला ठाऊक असतो. पायाचा अंगठा वर उचलला जातो, घोटा वाकतो, कधी गुडघा आणि कमरेचा सांधाही वाकतो. अर्ध्या सेकंदापासून दहा सेकंदांपर्यंत. मग पाय सैल पडतो. वीस, तीस, चाळीस सेकंदांनी पुन्हा तसंच. अनवाणी चालताना काटा रुतला की पाय जसा आपोआप मागे घेतला जातो, जवळजवळ तीच हालचाल. फक्त काटा नाही आणि माणूस झोपेत आहे. १९६० च्या दशकात इटलीतल्या बोलोन्याच्या संशोधकांनी रात्रभर यंत्रं लावून ही लय नोंदवली. अस्वस्थ पायांच्या बहुतेक रोग्यांत, दहांतल्या आठ-नऊ जणांत, ती सापडते. (उतारवयात ती वळवळीशिवायही दिसते, हेही खरं.) दर अर्ध्या मिनिटाला एक झटका धरला तर तासाला १२० झाले, तीन तास चाललं तर ३६०.

झोपेच्या प्रयोगशाळेत एकाच कागदावर अनेक रेघा चालतात: मेंदूच्या लहरी, श्वास, पायाचा स्नायू, हृदयाचे ठोके. त्या रेघा नीट जुळवून पाहिल्यावर संशोधकांना जे दिसलं ते असं. माझी कल्पना होती, आणि तुमचीही असेल, की पाय झटकला जातो, त्या धक्क्यानं झोप चाळवते, आणि मग छाती धडधडते. क्रम उलटा निघाला. आधी हृदयाचे ठोके वेग घेऊ लागतात. मेंदूच्या लहरींत हलकी खळबळ होते. आणि त्यानंतर, काही क्षणांनी, अंगठा उचलला जातो.

म्हणजे पाय हा उगम नाही. पाय हे टोक आहे. आत कुठेतरी खोल, जागेपणाची एक लाट उठते. ती हृदयाला शिवून खाली येते आणि पायाशी फुटते. देवळात प्रकाश पायांकडून छातीकडे चढतो. झोपलेल्या देहात ही लाट छातीकडून पायांकडे उतरते.

तिच्याबरोबर रक्तदाबही उसळतो. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २००७ साली अशा रोग्यांचा रक्तदाब झोपेत, दर ठोक्याला मोजला. प्रत्येक झटक्यासोबत वरचा आकडा सरासरी २२ नं आणि खालचा ११ नं चढत होता. झटक्याबरोबर झोप चाळवली तर उसळी आणखी मोठी. दिवसा जिना चढताना रक्तदाब याहून जास्त वाढतो आणि त्यात काही बिघडत नाही. पण रात्रीचा हिशेब निराळा असतो. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. रोहिणींच्या भिंतींना, हृदयाच्या स्नायूला तेवढीच काय ती उसंत. ज्यांचा रक्तदाब रात्री उतरत नाही त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो, हे आज पक्कं माहीत आहे. मग ज्याच्या रात्रीत अशा शेकडो उसळ्या, वर्षानुवर्षं, त्याच्या हृदयाचं काय?

याचं उत्तर शोधायला मोठ्या लोकसंख्येकडे जावं लागतं, आणि इथे वाट सरळ नाही. अमेरिकेत झोप आणि हृदय यांच्यावर चाललेल्या एका दीर्घ अभ्यासातल्या ३,४३३ स्त्री-पुरुषांची माहिती २००८ साली मांडली गेली. सरासरी वय ६८. अस्वस्थ पायांचा त्रास बायकांत ६.८ टक्के, पुरुषांत ३.३ टक्के. ज्यांना तो होता त्यांच्यात हृदयरोग असण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट निघाली. आणि महिन्यात सोळा किंवा अधिक रात्री त्रास असलेल्यांत, खूप छळ सोसणाऱ्यांत, हे नातं ठळक होतं. पण एका क्षणी काढलेल्या छायाचित्रावरून आधी काय घडलं आणि मागून काय, ते कळत नाही. २०१२ साली ७०,९७७ परिचारिकांचा अभ्यास आला, वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला. त्यात ज्यांना हा त्रास तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ होता त्यांना पुढे हृदयाच्या रोहिणींचा विकार होण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी अधिक होतं. त्रास नवा असलेल्यांत तसं दिसलं नाही. हे वाचून वाटतं, झालं, सिद्ध झालं. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्याच सुमारे ४९ हजार स्त्री-पुरुष आरोग्यसेवकांचा दुसरा मोठा अभ्यास आला, ज्यात असं कुठलंच नातं आढळलं नाही.

पुढच्या काही अभ्यासांनी या तिढ्यावर थोडा उजेड टाकला. ज्यांच्या पायांच्या अस्वस्थतेमागे दुसरा आजार असतो, म्हणजे मूत्रपिंडाचा विकार, लोहाची कमतरता असं काही, त्यांच्यात हृदयाचं नातं घट्ट दिसतं. ज्यांच्यात तसं काही नसतं त्यांच्यात ते सैल पडतं. माझं मत विचाराल तर मला हे पटतं. डायलिसिसवरच्या रोग्यांत हा त्रास फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि मूत्रपिंडाचा विकार हृदयाचाही वैरी असतो. पाय आणि हृदय कधी एकमेकांना त्रास देत असतील, आणि कधी दोघंही एकाच तिसऱ्या दुखण्याची साक्ष देत असतील. अस्वस्थ पाय म्हणजे येऊ घातलेला हृदयविकार, असं म्हणून कुणाला घाबरवणं चूक आहे. पण पाय वळवळतात एवढंच ना, म्हणून सोडून देणं ही त्याहून मोठी चूक आहे.

लाट उठते कुठून, याविषयीचा एक तर्क मला फार भावतो. मेंदूच्या मधोमध, हायपोथॅलॅमसजवळ, डोपामीन वापरणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. त्याला नावही साधंच, ए-११. त्याचे लांब धागे पाठीच्या कण्यातून थेट खाली, मज्जारज्जूच्या शेपटापर्यंत जातात. मज्जारज्जूत पायांकडून येणारे संवेदनांचे निरोप जिथे पोहोचतात तिथेही हे धागे जातात, आणि हृदयाला, रक्तवाहिन्यांना 'सावध' म्हणून सांगणाऱ्या पेशींपाशीही जातात. काम दोन्हीकडे एकच, लगाम धरण्याचं. लोह आटलं, डोपामीन ओसरलं, लगाम सैल सुटला की पायांचे क्षुल्लक निरोपही मोठे होऊन वर येतात आणि हृदयाकडचे 'सावध'चे हाकारेही विनाकारण उठतात. हा अजून तर्कच आहे. सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण एकाच गाडीवानाच्या हातून दोन बैलांचे कासरे सुटावेत, असं ते चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसरं एक नातं मात्र तर्काच्या पुढे गेलेलं आहे. ज्यांचं हृदय अशक्त झालं आहे, रक्त पुरेसं ढकलू शकत नाही, अशा रोग्यांत जवळपास निम्म्यांत लोह कमी सापडतं. २००९ साली एका मोठ्या चाचणीत अशा रोग्यांना शिरेतून लोह दिलं, आणि ज्यांना रक्तक्षय नव्हता त्यांनाही चालण्याची ताकद आली, बरं वाटू लागलं. लोहाचं जे संयुग त्यांना दिलं होतं, तेच संयुग आज अस्वस्थ पायांच्या उपचारातही अमेरिकेच्या निद्रातज्ज्ञांच्या ताज्या शिफारशींमध्ये अग्रभागी आहे. हृदयाच्या स्नायूच्या पेशी आणि मेंदूतल्या त्या काळ्या पट्ट्याच्या पेशी, एकमेकींपासून हातभर अंतरावर, आणि भूक एकाच धातूची.

आता हे आपल्या घरापर्यंत आणते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. सगळाच रक्तक्षय लोहाअभावी नसतो. पण मोठा वाटा त्याचाच. बंगळुरूत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शहरी लोकांत अस्वस्थ पायांचं प्रमाण २.१ टक्के निघालं होतं. तो आकडा लहान वाटतो. पण तेच प्रमाण कोल्हापुरात धरलं, तर पन्नास माणसांच्या गल्लीत सरासरी एक माणूस रात्री अंधारात येरझाऱ्या घालत असणार, असा त्याचा अर्थ. आणि तो माणूस बहुतेक बाई असणार. बायकांत हे प्रमाण पुरुषांच्या दुपटीच्या आसपास असतं, आणि गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने तर याचा हंगामच. बाळंतपणानंतर बहुतेकींचा त्रास ओसरतो. ज्यांना "पहिलटकरणीला होतंच असं" म्हणून गप्प केलं जातं त्यांना निदान एवढं तरी कुणी सांगावं.

डॉक्टरकडे गेल्यावर हिमोग्लोबिनवर थांबू नये. फेरिटिन नावाची तपासणी करून घ्यावी. ती लोहाच्या साठ्याची मोजदाद आहे, आणि ती गावातल्या बहुतेक प्रयोगशाळांत होते. प्रयोगशाळेच्या कागदावर जे 'सामान्य' म्हणून छापलेलं असतं ते या आजारासाठी पुरेसं असेलच असं नाही. निद्रातज्ज्ञ ७५ किंवा त्याखालचं फेरिटिन असेल तर लोह देण्याचा विचार करतात, जे एरवी कुणाच्या नजरेतही येणार नाही. अंगात ताप किंवा सूज असताना हा आकडा फसवा चढतो, तेही ध्यानात ठेवावं लागतं. मात्र मनानं लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. काही जणांच्या शरीरात लोह आधीच जास्त साठत असतं आणि तिथे ते विष ठरतं. घरात घेतल्या जाणाऱ्या इतर गोळ्याही डॉक्टरांपुढे मांडाव्यात. सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उलटी थांबवणारी काही औषधं, नैराश्यावरची काही औषधं, ही सगळी या पायांना चेतवू शकतात. एकेकाळी सर्रास दिली जाणारी डोपामीनसदृश औषधं सुरुवातीला जादू करतात, पण अनेकांचा त्रास काही वर्षांत दुपारीच सुरू व्हायला लागतो, हातांतही पसरतो. म्हणून आता तज्ज्ञ त्यांच्याकडे शक्यतो वळत नाहीत.

स्वयंपाकघराचं सांगायचं तर आपल्या कोल्हापूरच्या दोन लाडक्या गोष्टी इथे जरा दूर ठेवाव्या लागतात. चहातला तुरटपणा आणि दुधातलं कॅल्शियम, दोन्ही लोहाला आतड्यातून सहज आत शिरू देत नाहीत. लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतली तर बरीचशी वाया गेली. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली तर लागू पडते. रात्री कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं ते प्यावं, पण गोळीपासून दोन-तीन तास लांब. मांसाहारी घरात तांबड्या रश्श्यातल्या मटणाचं लोह शाकाहारातल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं. पण ते ताटात कुणाच्या वाट्याला किती येतं, हा प्रश्न वैद्यकाचा नव्हे, घरातल्या वाढपाचा आहे. आत्या सगळ्यात शेवटी जेवते. रश्शात तेव्हा फोडी उरलेल्या नसतात.

तिचं फेरिटिन १४ निघालं. हिमोग्लोबिन बरं होतं, म्हणून आजवर कुणी पुढे पाहिलंच नव्हतं. तिला आकडा दाखवला तर तिनं कागद हातात घेऊन नुसता उलटसुलट केला आणि म्हणाली, "म्हंजे मी खोटं बोलत नव्हते तर." इतकी वर्षं तिला हे सिद्ध करायचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

लोह सुरू झालं आहे. त्याला महिने लागतात. रक्तदाब रात्री उतरतो का ते पाहायला डॉक्टरांनी दंडाला चोवीस तास पट्टा बांधायला सांगितलंय. परवा मी तिच्याकडे मुक्कामाला होते. साडेबाराच्या सुमारास तिच्या येरझाऱ्या थांबल्या, ती आडवी झाली, श्वास संथ झाला. मी शेजारी बसून तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि पांघरुणाबाहेर आलेल्या डाव्या पायाकडे पाहत राहिले. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड बरोब्बर पावलांवर पडला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग बोटांखाली नाडी जराशी घाईला आली, दोन ठोके, तीन ठोके. आणि तिचा अंगठा हळूच वर उचलला गेला, घोटा वाकला, पाय सैल पडला. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. अठ्ठावीसला नाडी पुन्हा घाईला आली.